पाणी कुठल्या बाजूला जातंय?

चार मिनिटं शटर उघडं ठेवून काढलेल्या माझ्या पहिल्या फोटोकडे बाबांनी बराच वेळ पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून लॅपटॉपच्या अगदी जवळ गेले, परत मागं टेकले, आणि मग विचारलं, "पाणी कुठल्या बाजूला जातंय?"

फोटो महाडजवळच्या दासगावच्या खाडीचा होता. डिसेंबरातली सकाळ, पाण्यावर धुकं, मध्ये एक रोवलेला बांबू. सावित्री नदी काचेसारखी गुळगुळीत आली होती. मी आठवडाभर त्या फोटोवर खूश होते. पण बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या काठावर मी तासभर उभी होते आणि पाणी समुद्राकडे उतरत होतं की महाडकडे चढत होतं, हे मला आठवत नव्हतं. फोटोत तर ते दिसायची सोयच नव्हती.

बाबांचा महाडला चाळीस वर्षं स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट. निसर्गाचे फोटो ते हौसेनं काढायचे, याशिका मॅट १२४जी या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या तेव्हा दुकान बुडालं. निगेटिव्हच्या पत्र्याच्या ट्रंका खालच्या फळीवर होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही चार दिवस त्या पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घालत होतो, आणि बऱ्याचशा पट्ट्यांवरचा थर बोटाला साईसारखा सुटून येत होता. त्या माणसानं मला विचारलं होतं की पाणी कुठल्या बाजूला जातंय. त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या प्रश्नानंतर मी लाँग एक्सपोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढणं, पुन्हा पहिल्यापासून शिकले. फिल्टर तेच, कॅमेरा तोच. बदललं ते एवढंच की आता मी आधी पाणी बघते आणि मग किती वेळ शटर उघडं ठेवायचं ते ठरवते.

---

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅमेऱ्याचं शटर जितका वेळ उघडं, तितका वेळ हलणाऱ्या गोष्टी एकमेकींवर साचत जातात. दिवसाउजेडी शटर सेकंदभर जरी उघडं ठेवलं तरी फोटो पांढराफटक पडतो. म्हणून भिंगापुढं काळी काच लावायची, तिला एनडी फिल्टर म्हणतात. ती रंग बदलत नाही, फक्त उजेड कमी करते. निदान तिनं तसं करावं अशी अपेक्षा असते.

हिशेब स्टॉपमध्ये होतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, म्हणजेच वेळ दुप्पट. माझ्याकडे तीन काचा आहेत: तीन स्टॉपची, सहाची आणि दहाची. समजा सूर्य क्षितिजाच्या वीतभर वर आहे, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाच्या छिद्राचा आकडा) ११, आणि कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर सांगतंय १/६० सेकंद. तीन स्टॉप लावले की १/८. सहा लावले की साधारण एक सेकंद. दहा लावले की सतरा सेकंद, कारण दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४ पट. सूर्य बुडाल्यावर तेच मीटर १/४ सांगायला लागतं, आणि मग दहा स्टॉपच्या काचेमागं चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो. शिवाय तेवढ्या वेळात उजेड आणखी ओसरतो. आपल्याकडे संधिप्रकाश पटकन सरतो, त्यामुळे हिशेबात चार मिनिटं आली तर मी पाच-साडेपाच देते.

बाबांच्या काळात हे आणखी किचकट होतं. फिल्मला एक सेकंदाच्या पुढं मीटरचा आकडा पुरत नाही. उजेड जितका मंद, तितकी फिल्म आळसावते, आणि हिशेबातल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. डार्करूमच्या दाराला आतून बाबांनी एक पुठ्ठा ठोकला होता. त्यावर पेन्सिलीनं दोन रकाने होते, मीटर काय म्हणतंय आणि आपण किती द्यायचं. तोही गेला पुरात. फिल्मच्या जागी आलेल्या डिजिटल सेन्सरला ही भानगड नाही, त्याला दुप्पट वेळ दिला की उजेडही दुप्पटच.

तीस सेकंदांच्या पुढं कॅमेरा 'बल्ब'वर ठेवावा लागतो. लहानपणी याशिकाच्या भिंगाजवळच्या चकतीवर 'बी' लिहिलेलं पाहून मी विचारलं होतं, हे काय? बाबांनी सांगितलं होतं की जुन्या कॅमेऱ्यांना शटर उघडायला रबरी फुगा असायचा, तो दाबून धरला की शटर उघडं, सोडला की बंद. त्या फुग्याचं नाव अजून चिकटून राहिलंय.

---

आता दुधाबद्दल.

लाँग एक्सपोजर म्हटलं की डोळ्यापुढं एकच चित्र येतं, काळे खडक आणि त्यांच्याभोवती दुधासारखं धुरकट पाणी. मीही दोन वर्षं तेच केलं. हरिहरेश्वरला गेले की दहा स्टॉप लावायचे, तीस सेकंद मोजायचे, दूध. शिवथरघळीला गेले की दूध. वरंध घाटातल्या धबधब्यांचंही दूध. एका संध्याकाळी तिन्ही ठिकाणचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर पाण्यावरून कुठलं कुठलं ते ओळखू येईना. सह्याद्रीतून कोसळणारं पावसाळी पाणी आणि खडकावरून मागं सरकणारा समुद्र माझ्या फोटोत एकसारखेच झाले होते.

असं का होतं ते मी हरिहरेश्वरच्या खडकावर बसून घड्याळ लावून पाहिलं. त्या संध्याकाळी दर आठ-नऊ सेकंदांनी एक लाट येत होती. म्हणजे तीस सेकंदांत तीन लाटा चढल्या, तीन उतरल्या. फोटोत त्या सगळ्या एकावर एक साचतात. चढणाऱ्या फेसाची रेघ उतरणाऱ्या फेसाच्या रेघेला पुसते, आणि शेवटी उरते ती सरासरी. सरासरीला दिशा नसते.

हेच अर्ध्या सेकंदात करून बघा. लाट खडकावर फुटली, थांबली आणि मागं फिरली, त्या क्षणी बटण दाबायचं. फेसाचा प्रत्येक ठिपका अर्ध्या सेकंदात हात-दोन हात सरकतो आणि आपल्या मागं एक पांढरी रेघ ओढतो. खडकात जिथं खाच आहे तिथून रेघा एकत्र होतात, उंचवट्यापाशी फाटतात, आणि सगळ्या मिळून समुद्राकडे निघतात. खडकाचा सगळा उतार त्या रेघा वाचून दाखवतात. कोरड्या खडकाकडे बघून तो उतार मला कधीच कळला नव्हता.

म्हणून माझा आजचा आवडता फिल्टर दहा स्टॉपचा नाही, सहाचा आहे. आणि सूर्य टेकला की तोही काढून तीनचा. अर्धा सेकंद ते दोन सेकंद एवढाच माझा समुद्रावरचा पट्टा. अर्ध्यापेक्षा कमी वेळात रेघा तुटक येतात, दोनच्या पुढं त्या एकमेकींत विरघळायला लागतात. यात नेम लागत नाही. एका संध्याकाळी चाळीस-पन्नास फोटो काढते तेव्हा त्यातले दोन ठेवावेसे वाटतात, कारण लाट दर वेळी वेगळ्या वाटेनं उतरते.

---

हरिहरेश्वरबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मला जे काही येतं त्यातलं निम्मं त्या खडकांनी शिकवलंय.

महाडहून गोरेगाव, म्हसळा करत तिथं जायला दोन-अडीच तास लागतात. देवळामागून प्रदक्षिणेची वाट डोंगराला वळसा घालते, पायऱ्या उतरून खाली समुद्रकाठच्या खडकावर येते. हा खडक म्हणजे लाटांनी हजारो वर्षं कापून सपाट केलेला ओटा. वरच्या कातळाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत, आणि खाली ओट्यावर पाण्यानं नाल्या, कुंडं, कडा कोरल्यात. भरतीला हा सगळा ओटा पाण्याखाली असतो. तिथं माणसं वाहून गेलीत. फोटोच्या नादात भरतीला तिथं उतरणारा माणूस मला अजून दिसतो आणि मी दर वेळी त्याला हाक मारते.

हाक मारते, कारण एकदा कुणाला तरी मला अशीच हाक मारावी लागली होती.

मी बँकेत नोकरी करते. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा, त्यामुळे माझं फिरणं त्या दोन शनिवारांना बांधलेलं. त्या वेळी मी फक्त सुटी बघितली होती. साडेपाचला खडकावर पोचले, पाणी लांब वाटलं, ट्रायपॉड लावला, दहा स्टॉपची काच चढवली आणि दोन मिनिटांचं एक्सपोजर सुरू केलं. दोन मिनिटं माझं लक्ष घड्याळावर होतं. मागच्या कड्यावर गरी टाकून बसलेले एक काका ओरडले, "ओ ताई, मागं बघा!" मागची नाली, जी मी कोरड्या पायानं ओलांडून आले होते, ती भरून वाहत होती. मी ट्रायपॉड उचलला आणि पळाले. पुढच्या लाटेनं फिल्टरची पिशवी उचलून खडकावर आपटली. त्यात अर्धी काळी, अर्धी पारदर्शक अशी माझी ग्रॅज्युएटेड काच होती. तिचे तीन तुकडे झाले.

काका चिडले होते. "पंचांग बघत नाय काय तुम्ही? आज दशमी. पाणी साडेसातला पुरं भरणार."

मग त्यांनी मला जे शिकवलं ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात माहीत असतं, महाडच्या बाजारपेठेत वाढलेल्या मला माहीत नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. दशमी म्हणजे दहा, त्याची पाऊणपट साडेसात. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा तोच आकडा, आणि मधोमध सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचंच हे सोपं गणित. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, म्हणजे पाणी खूप चढणार आणि खूप उतरणार. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाण्याची चढउतार कमी.

आता हे फोटोच्या भाषेत सांगते. मला सूर्यास्ताला उतरतं पाणी हवं. खडक ओला हवा, नाल्यांतून पाणी समुद्राकडे परत जायला हवं, आणि दर लाटेगणिक समुद्र माझ्यापासून लांब जायला हवा. मग द्वितीया ते चतुर्थी. द्वितीयेला भरती दीडला, तृतीयेला सव्वादोनला, चतुर्थीला तीनला. सव्वासहाला सूर्य बुडतो तेव्हा पाणी चांगलंच खाली गेलेलं असतं आणि अजून उतरतच असतं. दशमीला याच्या बरोबर उलट. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला मी कालनिर्णय घेऊन बसते आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारांपैकी कुठल्या शनिवारी या तीन तिथी येतात त्यांना गोल करते. पावसाळा वगळला की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिवस उरतात. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पुन्हा तपासते, कारण पाऊणपटीचं गणित अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होऊ शकतं. पण दिवस ठरतो तो तिथीवरूनच.

त्या काकांना नंतर दोनदा भेटले. दुसऱ्या वेळी त्यांच्यासाठी त्यांचाच मोठा फोटो छापून नेला. गरीचा दोर हवेत, आणि पायाखालून अर्ध्या सेकंदाचं पाणी उतरतंय.

---

फुटलेल्या काचेच्या जागी नवी घेतली, ती घेताना विचार केला. ग्रॅज्युएटेड फिल्टरचं काम एकच, आकाशाचा उजेड दाबायचा आणि जमिनीचा तसाच ठेवायचा. हा प्रश्न फोटोग्राफीइतकाच जुना. १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा तेव्हा काचेवरचं रसायन निळ्या उजेडाला इतकं हपापलेलं असायचं की आकाश जळून पांढरं पडे. मग तो काही फोटोंत समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची वेगळी निगेटिव्ह अशा दोन जोडून एक फोटो छापायचा. आपण तेच काम काचेच्या एका उतरत्या काळोखीवर भागवतो.

उघड्या समुद्रावर क्षितिज सरळ असतं, तिथं काळोखीची कड ठळक असलेली काच चालते. दासगावला मात्र डोंगर आकाशात घुसतात. तिथं ठळक काच लावली की डोंगराची डोकी काळीठिक्कर होतात, म्हणून मऊ उताराची हवी. दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती, मी मऊ घेतली. काच की रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, हाही प्रश्न होता. रेझिन आपटलं तर फुटत नाही पण त्यावर चरे पडतात, आणि समुद्रकाठी वाळू सगळीकडे असते. मी पुन्हा काचच घेतली, आणि आता पिशवी ट्रायपॉडवर नाही, गळ्यात असते.

दहा स्टॉपच्या काचेची गोष्ट वेगळी. माझी पहिली स्वस्तातली होती. तिच्यातून काढलेला प्रत्येक फोटो गुलाबी-तपकिरी यायचा. सावित्रीचं हिरवट पाणी चहासारखं दिसायचं. मला वाटायचं संगणकावर रंग दुरुस्त करता येईल, पण सावल्या सुधारल्या की आकाश बिघडायचं. कारण नंतर समजलं. ती काच दिसणारा उजेड हजारपट अडवत होती पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण तेवढे अडवत नव्हती, आणि एवढा दीर्घ वेळ शटर उघडं राहिल्यावर सेन्सर ते किरण रंग म्हणून नोंदवत होता. कुठलीही काळी काच विकत घेताना ही चाचणी दुकानातच करा: पांढऱ्या कागदाचा एक फोटो काचेशिवाय, एक काचेसह, उजेड तोच. दोन्ही कागद एकसारखे पांढरे दिसले तर घ्या. फिरवून काळोखी कमीजास्त होणारा फिल्टर घेणार असाल तर आणखी एक बघा. त्यात दोन पोलरायझर, म्हणजे चमक अडवणाऱ्या काचा, एकावर एक असतात, आणि रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगावर तो शेवटपर्यंत फिरवला की फोटोवर मोठी काळी फुली उमटते. १६ मिलिमीटरच्या भिंगावर मी ती पाहिलीय.

साधा पोलरायझर मात्र पावसाळ्यात हवाच. शिवथरघळीच्या धबधब्यासमोर सगळं ओलं असतं, आणि प्रत्येक पानावर आकाशाचा पांढरा चट्टा चमकत असतो. पोलरायझर डोळ्याला लावून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी ते सगळे चट्टे एकदम विझतात आणि आतला हिरवा रंग वर येतो, कातळ काळा होतो, शेवाळ दिसायला लागतं. मला हा क्षण फोटो काढण्यापेक्षाही आवडतो. शिवाय तो एक-दीड स्टॉप उजेड खातो, तेवढ्यात घळीच्या सावलीत १/४ सेकंद सहज मिळतो, एनडीची गरजच पडत नाही. धबधब्याला १/४ पुरतो. तेवढ्यात धारा धारा राहतात, कुठली धार कुठल्या दगडावर आपटून कुठं वळली ते दिसतं. जास्त वेळ दिला की वाऱ्यानं पानं हलतात आणि सगळी झाडी पुसट होते.

दहा स्टॉपच्या काचेतून डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून चौकट आणि फोकस आधी जुळवायचा, मग फोकस मॅन्युअलवर टाकायचा, आणि मगच काच सरकवायची, तीही भिंगाच्या कड्याला धक्का न लावता. मी फोकसच्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावते. भिंगात स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर ते बंद. माझा कॅमेरा निकॉन डी७५०, आरशाचा, त्यामुळे मागच्या डोळ्याच्या खिडकीतून उजेड आत शिरतो. माझ्या सुरुवातीच्या फोटोंवर मधोमध एक जांभळट पट्टा यायचा आणि मी दोष काचेला देत होते. एकदा दुपारी घरातच भिंगाला झाकण लावून दोन मिनिटं शटर उघडं ठेवलं, तरी पट्टा आला. तेव्हा उमगलं. आता त्या खिडकीवर काळं कापड टाकते, बाबांच्या स्टुडिओतलं, पुरातून वाचलेलं.

घरी आल्यावर आधी काचा गोड्या पाण्याखाली धरायच्या, कोरड्या कापडानं पुसायच्या नाहीत. वाळूचा एक कण कापडाखाली आला की चरा पडलाच. ट्रायपॉडचे पायही सांधे मोकळे करून धुवायचे. हे कितीही रात्र झाली तरी त्याच रात्री, मीठ सकाळपर्यंत थांबत नाही.

---

मग चार मिनिटांचा फोटो कधीच काढायचा नाही का? हा प्रश्न मी बाबांनाच विचारला.

त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणाले, "मला ने एकदा."

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गुडघे कुरकुरतात, हरिहरेश्वरच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत. दासगावला मात्र गाडी काठापर्यंत जाते. जानेवारीत एका रविवारी पहाटे निघालो. घडीची खुर्ची, थर्मास, कानटोपी. खाडीच्या काठावर खुर्ची टाकून ते बसले आणि मी ट्रायपॉड उभा केला. तोच बांबू, तेच धुकं, पलीकडे डोंगराची निळी कड.

पाणी उतरत होतं. आता मी बघायला शिकले होते. बांबूच्या एका अंगाला पाण्याची छोटी शेपटी पडली होती, समुद्राच्या बाजूला. मी सहा स्टॉप लावून दोन सेकंदांचे पाच-सहा फोटो काढले. शेपटी छान आली. बाबांना मागच्या पडद्यावर दाखवली. ते म्हणाले, "हां, हे उतरतंय." आणि परत पाण्याकडे बघत बसले.

खाडीत एवढ्या आत भरती-ओहोटी समुद्रापेक्षा उशिरा पोचते, त्यामुळे पाऊणपटीचं गणित इथं उपयोगाचं नाही. वाट बघायची. आम्ही चहा प्यायलो. पॅरिसच्या एका रस्त्याचा १८३८मधला, दागेर या फोटोग्राफीच्या एका जनकानं काढलेला फोटो बाबांनी मला शाळेत असताना पुस्तकात दाखवला होता, त्याची आठवण काढली. रस्ता माणसांनी आणि घोडागाड्यांनी भरलेला असणार, पण एक्सपोजर काही मिनिटांचं, म्हणून चालणारं सगळं नाहीसं झालं. उरला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. "त्या फोटोत रस्ता रिकामा दिसतो, पण तो रिकामा नव्हता," बाबा म्हणाले. "तुझ्या पहिल्या फोटोत नदी थांबलेली दिसत होती. ती थांबली नव्हती."

सव्वाआठच्या सुमाराला बांबूची शेपटी आखूड व्हायला लागली. मग ती उरलीच नाही. पाण्यावर तरंगणारी एक काटकी आमच्या समोर येऊन थबकली आणि तिथंच राहिली. ना इकडं, ना तिकडं. ओहोटी संपली होती आणि भरती अजून लागली नव्हती. दिवसातून चारदा हे होतं आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "आता काढ तुझा चार मिनिटांचा."

मी दहा स्टॉपची काच सरकवली, कापड टाकलं, बटण दाबून खटका अडकवला. घड्याळाकडे हात गेला तेव्हा बाबांनी मान हलवली आणि हलक्या आवाजात त्यांचं रोजचं स्तोत्र सुरू केलं. डार्करूममध्ये ते असंच मोजायचे. अंधारात घड्याळ दिसत नाही, पण त्यांच्या वेगात ते स्तोत्र बरोबर दोन मिनिटांत होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. दाराबाहेर उभं राहून मी त्यावरून ओळखायचे की आता दिवा लागणार. त्यांनी एकदा म्हटलं. श्वास घेतला. दुसऱ्यांदा म्हटलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज किंचित कापला, थंडीनं असेल.

"सोड," ते म्हणाले.

मी खटका सोडला. एवढ्या दीर्घ फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो काढतो, सेन्सरवरचे गरम ठिपके वजा करायला. म्हणजे फोटो दिसायला आणखी चार मिनिटं. आम्ही दोघं पडद्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिलो. काटकी हळूच आडवी झाली, वळली, आणि महाडच्या दिशेनं निघाली.